प्लेजच्या वेळी मुलगी उभी राहत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात

मध्य न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. दोघं नवरा-बायको पुण्याचे. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) रांगेत बरीच वर्षं. मुलगी पुण्यात जन्मलेली, चार वर्षांची असताना इथे आली, आता नववीत, वडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-फोरवर. धाकटा मुलगा इथलाच जन्माचा, तिसरीत आहे. हायस्कूल सुरू झाल्यापासून मुलगी सकाळच्या प्लेजला, म्हणजे शाळेत रोज म्हणतात त्या अमेरिकेच्या झेंड्याशी निष्ठेच्या शपथेला, उभी राहत नाही. तिचं म्हणणं: 'मी या देशाची नागरिक नाही, पासपोर्ट भारताचा आहे. मग या झेंड्याशी निष्ठेची शपथ कशी घेऊ? खोटं का बोलू?' हीच मुलगी मराठी शाळेच्या २६ जानेवारीच्या कार्यक्रमात 'जन गण मन' खड्या आवाजात म्हणते. आता होमरूमच्या (सकाळच्या हजेरीच्या वर्गाच्या) शिक्षिकेची ई-मेल आली आहे की सगळ्यांसारखं उभं राहावं, नाहीतर ऑफिसात पाठवावं लागेल. वडील भडकले आहेत: 'आपण इथे पाहुणे आहोत. उद्या व्हिसावर आलं म्हणजे?' आईचं मन दोन्हीकडे ओढ घेतंय. 'आम्ही शाळेत इतकी वर्षं प्रतिज्ञा म्हटली, कुणी असलं काही केलं नाही. भारतात हे चाललंच नसतं. नुसते शब्द तर आहेत, म्हणून टाकायला काय जातं? तिला उभं राहायला लावू का?' असं त्या विचारतात.

उत्तर

ताई,

आधी शिक्षिकेच्या ई-मेलचं बघू, कारण त्याला उत्तर द्यायचंय आणि बाकीचं घरातलं बोलणं सावकाश होऊ शकतं. त्या बाईंचं चुकलं आहे. तुमच्या मुलीला प्लेज म्हणायला लावता येत नाही, उभं राहायला लावता येत नाही आणि ती बसून राहिली म्हणून तिला ऑफिसात धाडताही येत नाही. पण त्या मुद्दाम त्रास देताहेत असं लगेच धरू नका. न्यू जर्सीच्या शिक्षण कायद्यात असं लिहिलेलं आहे की ज्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला प्लेज पटत नाही त्यांना ती म्हणण्यातून सूट आहे, मात्र त्यांनी सावधान उभं राहून झेंड्याचा मान राखावा. बऱ्याच शिक्षकांच्या कानावर एवढंच आलेलं असतं. त्यातली उभं राहण्याची सक्ती १९७८ मध्येच थर्ड सर्किटच्या, म्हणजे न्यू जर्सी ज्याच्या अखत्यारीत येतं त्या संघराज्याच्या, अपील कोर्टाने घटनाबाह्य ठरवली, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं. खटला न्यू जर्सीतल्याच एका हायस्कूलच्या मुलीने लढवला होता, 'लिप विरुद्ध मॉरिस' या नावाने तो सापडेल. जे बोलायला भाग पाडता येत नाही ते उभं राहून दाखवायलाही भाग पाडता येत नाही, असा त्याचा मथितार्थ.

आणि त्याच्याही मागे १९४३ चा निकाल आहे, ज्यावर हे सगळं उभं आहे. यहोवाज् विटनेस पंथाची माणसं झेंड्याला सलाम करत नाहीत, ते त्यांना मूर्तिपूजेसारखं वाटतं. १९४० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल गावच्या अशाच दोन भावंडांचं प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू घेतली. लगोलग ठिकठिकाणी त्या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले, मेन राज्यात त्यांची प्रार्थनेची जागा जाळली. मुलांना शाळेतून काढण्याचं तर सत्रच सुरू झालं. पुढे वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन लहान बहिणींचं प्रकरण त्याच कोर्टापुढे आलं आणि अवघ्या तीन वर्षांत कोर्टाने स्वतःचाच निकाल फिरवला, सहा विरुद्ध तीन. तारीख होती १४ जून १९४३, नेमका अमेरिकेचा ध्वजदिन. महायुद्ध ऐन भरात होतं. (त्या मुलींचं आडनाव बार्नेट. कोर्टाच्या कागदात स्पेलिंग चुकलं आणि खटला कायमचा चुकीच्या स्पेलिंगनेच ओळखला जातो. आपल्या आडनावांचं इथल्या ऑफिसांत जे होतं, त्यावरून हे वाचून मला जरा बरं वाटलं.) न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिलं त्याचा आशय असा: आपल्या घटनेच्या आकाशात एखादा अढळ तारा असेल तर तो हा, की राजकारण, राष्ट्रप्रेम, धर्म यांत काय बरोबर ते कोणत्याही लहानमोठ्या अधिकाऱ्याने ठरवून द्यायचं नाही आणि लोकांकडून ते तोंडाने किंवा कृतीने वदवूनही घ्यायचं नाही.

आता तुमच्या यजमानांचं वाक्य. 'आपण इथे पाहुणे आहोत.' हे वाक्य मी या देशातल्या मराठी घरांत इतक्यांदा ऐकलंय की त्याच्या मागची भीती मला न सांगता कळते. त्याबद्दल पुढे बोलते. पण वाक्य म्हणून ते तपासून बघा. पाहुण्याने कसं वागावं? ज्याच्या घरी गेलो त्याच्याकडे चपला कुठे काढायच्या ते पाळावं, जेवणाला नावं ठेवू नयेत, हे खरं. पण 'आजपासून मी या घरचा' अशी शपथ पाहुण्याकडून रोज सकाळी कुणी घेत नाही, आणि पाहुण्याने ती मनात नसताना घेतली तर तो काही विनय होत नाही. तुमची मुलगी तुमच्या यजमानांचंच म्हणणं धरून चालली आहे. आपण इथले नाही म्हणून शपथ घ्यावी असं ते म्हणतात, आपण इथले नाही म्हणून घेऊ नये असं ती म्हणते. मला तिचं गणित जास्त सरळ वाटतं.

प्लेजचा इतिहास तिला ठाऊक आहे का, विचारा. नसेल तर सांगा, तिला आवडेल. १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी नावाच्या एका पाद्र्याने ती एका मुलांच्या नियतकालिकासाठी लिहिली, कोलंबसाच्या आगमनाला चारशे वर्षं झाली म्हणून. तेव्हा शब्द होते 'माझ्या झेंड्याशी'. पुढे १९२३ च्या सुमारास कुणाच्या तरी लक्षात आलं की बाहेरून आलेल्यांची मुलं 'माझा झेंडा' म्हणताना मनात इटलीचा नाहीतर पोलंडचा झेंडा आणत असतील. म्हणून ते काढून 'अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या झेंड्याशी' असं घातलं. म्हणजे तुमच्या लेकीसारख्या मुलांना पळवाट राहू नये, याच हेतूने त्या वाक्याची डागडुजी झाली आहे. शंभर वर्षांनी एक पुण्याची पोरगी बरोबर त्याच शब्दांवर अडून बसली, यात मला तरी उद्धटपणा दिसत नाही. तिने ते वाक्य बहुतेकांपेक्षा नीट वाचलं आहे. छातीवर हात ठेवण्याची रीतही नंतरची. सुरुवातीला मुलं उजवा हात झेंड्याकडे ताठ पसरत, तो नाझी सलामीसारखा दिसायला लागला म्हणून डिसेंबर १९४२ मध्ये बदलला. 'देवाच्या छत्राखाली' हे तर १९५४ मध्ये आलं. सांगायचा मुद्दा, हे मंत्र आकाशातून पडलेले नसतात. माणसं ते लिहितात आणि सोयीप्रमाणे बदलतात.

तुम्ही लिहिता, 'नुसते शब्द तर आहेत.' नुसते शब्द असते तर ते न म्हटल्याने घरात गेले काही आठवडे जे चाललंय ते चाललं नसतं. तुम्हीच दोघं त्या शब्दांना वजन देताय, आणि मुलगीही देतेय. आपण शाळेत 'भारत माझा देश आहे' म्हणायचो तेव्हा खरं सांगा, किती जणींचं लक्ष अर्थाकडे असायचं? उन्हात रांगेत उभं, पुढचीच्या वेणीची रिबीन सुटलेली, आणि 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' या ओळीला वर्गातल्या कुणीतरी हळूच तोच तो जुना विनोद करायचा. मला ती प्रतिज्ञा आवडते, आजही पाठ आहे. ती मूळ तेलुगूत पैडिमर्री वेंकट सुब्बा राव यांनी १९६२ मध्ये लिहिली, हे मात्र मला कुठल्याही वर्गात कुणी सांगितलं नाही. रोज म्हणून प्रेम येतंच असं नाही. आणि न म्हटल्याने ते जातं असंही नाही.

आता 'भारतात हे चाललंच नसतं'. भारतात हे चाललेलं आहे, आणि तेही सर्वोच्च न्यायालयात. १९८५ च्या जुलैत केरळच्या कोट्टायम जिल्ह्यातल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकलं. दहावीतला मुलगा आणि नववीतली व पाचवीतली अशा त्याच्या दोन बहिणी. तीही यहोवाज् विटनेस. राष्ट्रगीताला ती उभी राहत, म्हणत मात्र नसत, आणि वर्षानुवर्षं कुणाची तक्रार नव्हती. एका आमदाराच्या ते नजरेत आलं, विधानसभेत प्रश्न झाला, चौकशी बसली. मुलं सरळ वागणारी आहेत, राष्ट्रगीताचा अनादर त्यांनी केलेला नाही, असंच चौकशीत निघालं. तरी शिक्षण खात्याच्या सांगण्यावरून त्यांना काढलं. केरळ उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. शेवटी ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांनी मुलांना परत घ्यायचा हुकूम दिला. खात्याच्या परिपत्रकाने मूलभूत हक्क काढून घेता येत नाही, राष्ट्रगीत म्हटलंच पाहिजे अशी सक्ती करणारा कायदा नाही, आणि मानाने उभं राहून न म्हणणं हा अपमान नाही, असं त्यांनी सांगितलं. आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुता सांगते, आपली घटना सहिष्णुता आचरते, ती आपण पातळ करू नये, अशा अर्थाने निकालपत्र संपतं. आणि गंमत बघा, चिन्नप्पा रेड्डींनी त्यात ज्या परदेशी निकालांचा आधार घेतला त्यात त्या वेस्ट व्हर्जिनियाच्या बहिणींचा खटला आहे. तेव्हा 'हे इथलं खूळ तिच्या डोक्यात शिरलं' असं सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, तर त्यांना खुशाल कोट्टायमची गोष्ट सांगा.

मात्र दोन्हीकडच्या कायद्यात एक फरक आहे, तो भारतातल्या वाचकांनी लक्षात ठेवावा. केरळची मुलं उभी राहत होती, आणि न्यायालयाने त्याची मुद्दाम नोंद घेतली. तिथे बसून राहण्याचा हक्क या निकालातून मिळत नाही. १९७१ चा राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाचा कायदा राष्ट्रगीत मुद्दाम अडवणाऱ्याला किंवा ते चालू असताना गोंधळ घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतो. गप्प राहणाऱ्याबद्दल त्यात काही नाही. म्हणजे महाराष्ट्रात तुमच्या मुलाला किंवा मुलीला खरोखरच म्हणायचं नसेल तर उभं राहावं, शांत राहावं, शेजाऱ्याला कोपर मारू नये. परिपाठात धार्मिक प्रार्थना असेल तर तिथे घटनेचं २८ वं कलम येतं: सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. शिक्षकांच्या बाबतीतही, प्रार्थनेला हात जोडत नाही म्हणून नाशिकच्या एका शिक्षकाची वेतनश्रेणी अडवली होती, तेव्हा २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शाळेशी बोलताना या निकालांच्या प्रती पिशवीत असाव्यात. टेबलावर आपटण्यासाठी नव्हे. मुख्याध्यापक बहुधा 'वरून परिपत्रक आहे' म्हणतात, तेव्हा वाचून दाखवायला.

आता ती भीती. ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तुमच्या लेकीला एकवीस पूर्ण व्हायच्या आत तुमचा ग्रीन कार्डचा नंबर लागतो की नाही (त्यानंतर साधारणपणे तिला तुमच्या अर्जात मूल म्हणून धरत नाहीत), ही टांगती तलवार ज्या घरावर आहे त्या घराला 'हक्क आहे तुमचा, घाबरता काय' असं सांगणं फार सोपं आहे. वर्गात प्लेजला बसणं हा गुन्हा नाही, व्हिसाच्या अटींचा भंग नाही. ग्रीन कार्डच्या अर्जात अटक, गुन्हे, खोटी माहिती असलं बरंच काही विचारतात, शाळेत सकाळी कोण उभं होतं ते विचारत नाहीत. शाळेचा आणि इमिग्रेशनचा या बाबतीत काही संबंध नाही. पण एक गोष्ट खरी आहे: डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोरच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं आणि ती तपासली जातात. तेव्हा तिच्याशी बोलायचंच असेल तर याविषयी बोला. वर्गात बसायला हक्काचं संरक्षण आहे. बसल्याचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकून खाली चार तिखट ओळी लिहिल्या तर हक्क तोच राहतो, पण स्टॅम्पिंगच्या (भारतात गेल्यावर अमेरिकी वकिलातीत पासपोर्टवर व्हिसा घेण्याच्या) खिडकीपलीकडचा अधिकारी त्यातून काय अर्थ काढेल हे कुणाच्या हातात नाही. हे अन्यायाचं आहे, हेही तिला सांगा. चौदा वर्षांच्या मुलीला अन्याय आणि सावधगिरी दोन्ही एकदम कळतात, फक्त आपण सावधगिरीला 'संस्कार' म्हणून तिच्या गळ्यात मारू नये. भारतात जाण्याचा बेत असेल तर आधी तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या. यजमानांनाही तो फोन ऐकू द्या. माझ्या लिहिण्याने त्यांची झोप परत येणार नाही, वकिलाच्या बोलण्याने कदाचित येईल.

तिला उभं राहायला लावू का, असं तुम्ही विचारलंय. लावू नका. शाळेला जे करता येत नाही ते शाळेच्या वतीने घरात करण्यात काही अर्थ नाही. पण तिला एक प्रश्न जरूर विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा: 'तुझा आक्षेप शब्दांना आहे की उभं राहण्याला?' तिने तुम्हाला जे कारण सांगितलं ते शब्दांचं आहे. मी नागरिक नाही म्हणून शपथ घेत नाही. त्या कारणात उभं राहून तोंड बंद ठेवणं चपखल बसतं. दुसऱ्या देशाच्या राष्ट्रगीताला आपण उभे राहतोच, मॅचच्या वेळी राहतो, त्यात निष्ठा दिली-घेतली जात नाही. मला विचाराल तर मी उभी राहिले असते, हात बाजूला, तोंड बंद. शेजारच्या बाकावरच्या मुलीचा भाऊ सैन्यात असेल तर तिला माझ्याविषयी काय वाटेल, याचा विचार मी केला असता. पण हे माझं मत आहे आणि ते मी तिच्यावर लादणार नाही, तुम्हीही लादू नका. कदाचित ती म्हणेल की उभं राहिलं की सगळ्यांना वाटतं मी म्हणतेय, म्हणून बसते. ते उत्तरही चालेल. किंवा ती म्हणेल, मैत्रिणी बसतात. मग तिला जरा आणखी विचार करायला सांगा, कारण मैत्रिणींमुळे बसणं आणि मैत्रिणींमुळे उभं राहणं यात मला फारसा फरक दिसत नाही.

ई-मेल तुम्हीच लिहा, पण पाठवण्याआधी तिला दाखवा. पाच-सहा ओळी पुरेत. मुलगी प्लेज म्हणत नाही, तिचं कारण विचारपूर्वक आहे, ती वर्गात अडथळा आणत नाही आणि आणणार नाही, थर्ड सर्किटचा १९७८ चा निकाल बघावा, आणि तिला यासाठी ऑफिसात पाठवू नये अशी विनंती. सीसीमध्ये गाइडन्स काउन्सेलर. सुरुवातीलाच प्रिन्सिपलना घालू नका, त्याने शिक्षिकेला पाठीत वार केल्यासारखं वाटतं आणि वर्षभर तिच्याच वर्गात बसायचंय. शाळेच्या बोर्डाच्या वेबसाइटवर धोरणांची यादी असते, त्यात झेंड्याच्या सलामीविषयीचं कलम शोधा. तेच चिकटवलंत तर कोर्टाचं नाव काढायचीही गरज पडणार नाही. तरीही त्रास चालू राहिला तर तारीख-वार, कोण काय म्हणालं ते लिहून ठेवा आणि मग वाइस प्रिन्सिपल. त्यापुढे लागलंच तर नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या एसीएलयूची न्यू जर्सी शाखा अशा तक्रारी ऐकते. पण बहुतेक वेळा पहिल्या ई-मेललाच 'सॉरी, आय वॉज नॉट अवेअर' असं उत्तर येऊन प्रकरण मिटतं.

बाकीच्या राज्यांतल्या वाचकांनी हे जसंच्या तसं उचलू नये. न म्हणण्याचा हक्क सगळीकडच्या सरकारी शाळांत आहे, पण टेक्सस आणि फ्लोरिडात सूट हवी तर पालकांनी लेखी कळवावं लागतं. तिथे आईबाप विरोधात असले तर मुलाची पंचाईत होते. न्यू जर्सीत तशी चिठ्ठी लागत नाही. म्हणजे ताई, तुमची परवानगी कायद्याने तिला नकोच आहे, तिला ती घरासाठी हवी आहे. आणि खासगी शाळा, विशेषतः कॅथलिक शाळा, यांना हे निकाल लागू पडत नाहीत. तिथे प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदात काय आहे ते बघा.

धाकट्याचं राहिलं. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की तोही आता 'ताई बसते, मी पण बसणार' म्हणतोय. त्यालाही तो हक्क आहे, तिसरीत असला तरी. फक्त तो इथे जन्मलेला, अमेरिकी पासपोर्टचा नागरिक आहे, त्यामुळे ताईचं कारण त्याला लागू पडत नाही. त्याला बसायचंच असेल तर त्याचं स्वतःचं कारण काय ते एकदा त्याच्याकडूनच ऐका. मिळालं तर त्याच्या शिक्षिकेला वेगळी ई-मेल लिहावी लागेल. नाही मिळालं तर तो बहुधा सोमवारी आपणहून उभा राहील.